चेक लाईट परत आली

(बोनेट उघडं, गाडी चालू. म्युझिक नाही.)

आधी नुसतं ऐका. इंजिन एका लयीत चाललंय, चाललंय, आणि मधेच एक ठोका गायब, की सगळी गाडी थरथरते. आपल्याकडे मेकॅनिक याला मिसिंग म्हणतात, गाडी मिसिंग मारून रायली म्हणजे चारपैकी एका सिलिंडरने काम सोडलंय, कायमचं नाही, अधूनमधून. आणि समोर डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा.

गाडी नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या एका काकांची. पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४ म्हणजे आधीच्या प्रदूषण नियमांवाली. वर्धा रोडवर सत्तर-ऐंशीने मस्त पळते, काही तक्रार नाही, पण मे महिन्याच्या दुपारी व्हरायटी चौकात सिग्नलच्या हिरव्या नेटखाली थांबली, एसी चालू, की सुरू झालीच थरथर. काकू म्हणतात यापेक्षा ऑटो बरा.

गॅरेजमधे काय झालं ते थोडक्यात सांगतो कारण तुमच्याकडेही बहुतेक हेच झालं असेल. स्कॅनर लावला, पी०३०३ आला, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमधे मिसफायर, आपलं मिसिंग. प्लग बदलले, कोड डिलीट, दिवा गेला. काही दिवसांनी परत आला. मग तीन नंबरची कॉइल, म्हणजे प्लगला स्पार्कचा करंट देणारी, नवी टाकली, डिलीट, परत दिवा. मग इंजेक्टरचं काढलं आणि शेवटी "इंजिन खोलून पाहू" इथपर्यंत गाडी आली, तेव्हा काका म्हणाले राहू दे बाप्पा, मी घरी पाहतो.

आता दिवा लगेच न येता काही दिवसांनी का येतो? बरेच जण म्हणतात दुरुस्ती तेवढे दिवस टिकली. तसं नाहीये. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, बहुतेक बिघाडांसाठी एकदा चूक दिसली म्हणून दिवा लावत नाही. पहिल्या फेरीत दिसली तर तो कोड पेंडिंग म्हणून गुपचूप लिहून ठेवतो, पुढच्या फेरीतही दिसली तर मग पक्का कोड आणि दिवा. फेरी म्हणजे गाडी चालू केली, चालवली, बंद केली. शिवाय सलग तीन फेऱ्या नीट गेल्या तर दिवा आपोआप विझतोसुद्धा. म्हणजे ज्याची गाडी फक्त गर्मीत, फक्त सिग्नलला, फक्त एसीवर मिसिंग मारते त्याचा दिवा येणार-जाणार-येणारच. एक अपवाद, दिवा लुकलुकायला लागला तर चालवू नका. मिसफायर जोरात सुरू आहे आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन तिथे तापतंय, आणि कन्व्हर्टरचा खर्च ऐकला की प्लग-कॉइलचं बिल किरकोळ वाटतं.

(स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटचा क्लोज-अप)

हे १६ पिनांचं सॉकेट. भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड लिहायची पद्धत, २०१३ पासून लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली हे सापडेलच. यात ब्लूटूथवाला ईएलएम३२७ अडॅप्टर, फोनमधे ॲप, बस. अगदी स्वस्तातले अडॅप्टर कधी जोडतात कधी नाही, ही माझी पर्सनल चिडचिड, पण कोड वाचण्यापुरते चालतात.

काकांनी एक गोष्ट केली जी गॅरेजमधे कोणीच केली नव्हती. डिलीट दाबलं नाही. आधी सगळं वाचलं. फ्रीझ फ्रेम नावाचं एक पान असतं, कोड लागला त्या क्षणाला गाडी कशी होती ते ईसीयू त्यात साठवतो. इथे होतं स्पीड शून्य, आरपीएम साडेसातशेच्या आसपास, कूलंट पूर्ण तापलेलं. म्हणजे गरम इंजिन, उभी गाडी. काकू जे सांगत होत्या तेच, फक्त आकड्यात. आणि दुसरं, पेंडिंगच्या यादीत पी०३०३ च्या बाजूला अजून एक कोड होता, पी०३५३. तीन नंबरच्या कॉइलचं सर्किट. नुसती कॉइल असं नाही हं, सर्किट, म्हणजे कॉइल, तिचं कनेक्टर, वायर, सगळं त्यात आलं. आधीही तो येत असेल तर दर वेळी डिलीटसोबत पुसला गेला असेल, फ्रीझ फ्रेम पण त्याच्यासोबत जाते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारे पण हेच करतात, वरून ईसीयूने शिकलेलं आयडलिंगही, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची चाल, पुसलं जाऊ शकतं आणि गाडी काही दिवस अजूनच वेडीवाकडी चालते.

लाईव्ह डेटामधे फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय तो आकडा. शून्याच्या आसपास असावा, प्लस-मायनस दहाच्या आत असला तर साधारण चालतं. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने थोडा प्लसकडे सरकू शकतो, कारण त्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं, पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा, इथेनॉलला फक्त ९. इथे ट्रिम नीट होता, पण थरथर सुरू झाली की प्लसमधे उडी. आणि इथेच लोक फसतात बरं का. मिसफायर झाला की हवा न जळता तशीच बाहेर जाते, ऑक्सिजन सेन्सर म्हणतो ऑक्सिजन जास्त आहे, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर खोटं बोलत नाही, त्याला ऑक्सिजन दिसतो, पेट्रोल दिसत नाही. बिचारा सेन्सर बदलला जातो.

(इंजिन बंद, चावी काकांच्या खिशात)

इंजिन थंड होऊ दिलं. दहा नंबरच्या पान्याने कॉइलचा बोल्ट काढला, तीन नंबरची कॉइल एक नंबरला आणि एकची तीनला. नवीन काही विकत नाही आणलं. कॉइल खराब असेल तर कोड तिच्यासोबत जायला पाहिजे, पी०३०१ व्हायला पाहिजे. कॉइल काढलीच आहे तर प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून तेल आहे का तेही पाहून घ्या, आणि रबरी बूटवर काळी बारीक रेघ आहे का, स्पार्क बाहेरून पळत असेल तर तशी रेघ उमटते. इथे दोन्ही स्वच्छ. गाडी अंगणात उघड्यावर, एसी लावून, आयडलिंगवर. बंद गॅरेजमधे हे करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कोड आला. पी०३०३. जागचा हलला नाही.

म्हणजे कॉइल निर्दोष, आणि जी नवी घेतली ती बहुतेक उगाच घेतली. काका एक मिनिट काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "जुनी फेकली काहून बे मी."

आता राहिलं सर्किट. चालू इंजिनवर कॉइलला हात लावायचा नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात, म्हणून काकूंचा कोरडा लाकडी चमचा. एकेका कनेक्टरला हळूच ढोसायचं. एक नंबर, काही नाही. दोन, काही नाही. तीनला ढोसलं आणि इंजिन झटक्यात लटपटलं, दाबून धरलं की सुरळीत, सोडलं की थरथर.

(कनेक्टरचा एकदम जवळून शॉट)

हे पाहा. कनेक्टरच्या वर प्लास्टिकची एवढीशी जीभ असते, ती कॉइलच्या दातात टक्कन बसते. ही तुटलेली आहे, तुटलेली कड पांढरी पडलीये. बोनेटखालच्या गर्मीने प्लास्टिक वर्षानुवर्षं भाजत जातं, पिवळं पडतं, कडक होतं, आणि कोणी घाईत ओढलं की कट्. आपल्या इकडे ४५ अंशाच्या उन्हात उभ्या गाडीला तर विचारूच नका. जीभ नाही म्हणून कनेक्टर अर्धवट मागे सरकलेलं, पिना टेकल्या तर टेकल्या. रस्त्यावर आरपीएम जास्त, इंजिन स्मूथ, तिथे धकून जातं. आयडलिंगला एसीचा कंप्रेसर लागला की इंजिनचा हलका झटका बसतो आणि तेवढ्याने संपर्क तुटतो. जीभ कधी तुटली असेल? सांगता येत नाही, पण कनेक्टर न काढता कॉइल बदलता येत नाही एवढं खरं.

वायरसकट नवं कनेक्टर मिळतं, कॉइलच्या मानाने काहीच किंमत नाही. जुन्या वायरचे रंग आणि जागा फोटो काढून ठेवल्या, एक-एक करत जोडल्या, सोल्डर, वरून हीट श्रिंक. ते येईपर्यंत दोन दिवस झिप टायने आवळून ठेवलं होतं, चाललं तेही. जोडल्यानंतर कोड डिलीट केले, आता मात्र डिलीट करायला हरकत नव्हती.

मग एसी लावून बर्डी, झाशी राणी चौक, परत. सिग्नलला डॅशवर ठेवलेली पाण्याची बाटली थरथरली नाही. पेंडिंगची यादी रिकामी. ॲपमधे फक्त कॅटॅलिस्टची तपासणी अजून अपूर्ण दाखवतंय, आणि इतके दिवस मिसफायर झाला म्हणजे उद्या पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही हा कोड, यायची भीती आहेच, ती तपासणी पूर्ण व्हायला जरा लांब, एका स्पीडने चालवावं लागतं. म्हणून रविवारी रामटेक. काकू यायला तयार झाल्यात, अट एकच, एसी बंद करायचा नाही.