आधी डेंग्यू, मग झिका: गरोदर बाईला धोका वाढतो का?

2024च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्याला झिकाचे रुग्ण सापडले आणि बघता बघता यादीत गरोदर बायका बऱ्याच दिसू लागल्या. तपासणीच मुळात त्यांची जास्त होत होती, हे लक्षात घ्या. तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, मला आधी डेंग्यू होऊन गेलाय. आता झिका झाला तर बाळाला जास्त त्रास होईल का?"

शंका रास्त आहे. डेंग्यू आणि झिका हे एकाच कुळातले विषाणू, एडिस डासाने पसरणारे. डेंग्यूची प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर रक्तात तयार करतं ती प्रथिनं) झिकालाही चिकटतात, पण त्याला निकामी करतीलच असं नाही. नुसतं चिकटलेलं प्रतिपिंड उलट विषाणूला पेशीत शिरायला मदत करू शकतं. डेंग्यूच्या बाबतीत हे क्यूबात दिसलं. तिथे 1977 साली डेंग्यूच्या पहिल्या प्रकाराची साथ आली, 1981 साली दुसऱ्या प्रकाराची. दुसऱ्या साथीत अत्यवस्थ झालेल्यांत पहिल्या साथीत सापडलेले फार होते.

गरोदरपणात भीती आणखी वाढते, कारण आईची प्रतिपिंडं वारेतूनच बाळाकडे जातात. झिकाही त्यांच्याबरोबर आत गेला तर? उंदरांवरच्या प्रयोगांत आणि प्रयोगशाळेत ठेवलेल्या मानवी वारेच्या तुकड्यांत डेंग्यूच्या प्रतिपिंडांमुळे झिकाचा संसर्ग वाढलेला दिसला. 2015मध्ये झिकामुळे लहान डोक्याची बाळं जन्माला आली तो ईशान्य ब्राझील तर डेंग्यूचं जुनं घरच. संशय बळावला यात नवल नाही.

माणसांमधली आकडेवारी मात्र वेगळं सांगते. ब्राझीलच्याच साल्वादोर शहरातल्या एका वस्तीत रक्तातली डेंग्यूची प्रतिपिंडं जितकी जास्त, तितका झिका होण्याचा धोका कमी आढळला: प्रमाण दुप्पट झालं की धोका 9 टक्क्यांनी कमी. रिओ द जानेरोतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात आधीच्या डेंग्यूचा बाळातल्या दोषांशी संबंध सापडला नाही. मला हे जास्त पटतं. अशा प्रयोगांत उंदरांना बहुधा नुसती प्रतिपिंडं टोचतात, आणि ते उंदीरही प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी केलेले असतात. डेंग्यूतून बऱ्या झालेल्या बाईकडे प्रतिपिंडांबरोबर विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पेशीही असतात.

(क्रम उलटा असेल तर गोष्ट बदलते बरं का. निकाराग्वातल्या मुलांमध्ये आधी झिका होऊन गेला असेल, तर पुढे डेंग्यूच्या दुसऱ्या प्रकाराचा आजार होण्याचा धोका वाढलेला दिसला.)

म्हणजे डेंग्यू होऊन गेला म्हणून घाबरू नका, पण ते कवच आहे असंही समजू नका. डेंग्यू झालेल्या बाईलाही झिका होतो, आणि पहिल्या तिमाहीत झाला तर बाळाच्या मेंदूला धोका जास्त असतोच. जुन्या डेंग्यूचा खरा घोळ होतो तो रिपोर्टमध्ये. दोन्हींची प्रतिपिंडं एकमेकांशी मिळतीजुळती असल्यामुळे झिकाची रक्तातली प्रतिपिंड तपासणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. ताप किंवा पुरळ आलं तर लगेच रक्त आणि लघवी दोन्हींची पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी तपासणी, करून घ्या. उशीर झाला की विषाणू हाती लागत नाही. एवढ्या एका प्रतिपिंडाच्या रिपोर्टवरून गर्भपाताचा निर्णय मात्र कुणी घेऊ नये.