खालची तार, एक वीत उंच

(दृश्य : पहाट. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं भुईमुगाचं वावर. ताजी उकरलेली माती.)

हे काम आज पहाटेचं आहे. उपटलेला पाला अजून कोमेजलेला नाही, त्यावरूनच वेळ कळते. सरी धरून डहाळ्याच्या बुडाशी नाक घातलंय, माती उलटी टाकलीय, शेंगा खाल्ल्यात आणि पाला जिथल्या तिथे सोडलाय. ओल्या मातीत दोन खुरांचा ठसा आहे आणि त्याच्या मागे, थोड्या बाहेरच्या बाजूला, दोन बारीक टोचे. शेळीच्या ठशात हे मागचे टोचे सहसा दिसत नाहीत, डुकराच्या ठशात दिसतात.

मात्र ते डुक्कर रानातलं की गावातलं, हे आधी ठरवावं लागतं. नाल्याकाठी, कचऱ्यावर दिवसाढवळ्या फिरणारी डुकरं पाळीव वंशाची. त्यांचं गाऱ्हाणं नगरपालिकेकडे न्यायचं. रानडुकराचं तोंड लांब आणि निमुळतं असतं, मानेपासून पाठीवर ताठ केसांची आयाळ असते, शेपटी सरळ असते. पिल्लांच्या अंगावर फिकट पट्टे असतात, ते काही महिन्यांत जातात. माद्या आणि पिल्लं कळपानं फिरतात. मोठा नर बहुतेक वेळा एकटा असतो.

(दृश्य : डोंगर, खाली घरं, मधला ओढा.)

२०२० साली साताऱ्याची हद्दवाढ झाली. शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर हे भाग पालिकेत आले. वस्ती डोंगराला भिडत गेली, पण मधले ओढे तसेच राहिले आणि रिकाम्या प्लॉटवर घाणेरी माजली. रानडुकराला याहून वेगळं काय हवं? दिवसा लपायला दाट झाडोरा, लोळायला चिखल आणि रात्री पोटभर खाणं. उघड्यावर टाकलेलं शिळं अन्न त्याला फार लांबून कळतं. नजर बेताची असली तरी नाक विलक्षण तिखट आहे. प्लॉट साफ ठेवणं आणि खरकटं बंद डब्यात टाकणं हे काम साधं वाटतं, पण वस्तीजवळ याच्याइतका गुण कशालाच येत नाही.

माहुलीकडच्या मळ्यांत लपायची जागा म्हणजे ऊस. पावसाळ्यानंतर उभ्या फडात कळपच्या कळप मुक्कामाला असतो आणि तोड सुरू झाली की अडचण होते. टोळीनं चारी बाजूंनी तोडत आणलं, तर शेवटच्या चार-सहा सऱ्यांत सगळी डुकरं कोंडली जातात. मग ती फुटतात ती थेट कोयतेवाल्यांच्या अंगावर किंवा रस्त्यावर. तोड वस्तीच्या आणि रस्त्याच्या बाजूनं सुरू करावी आणि डोंगराच्या किंवा ओढ्याच्या अंगाला वाट मोकळी ठेवावी. त्या बाजूला माणूस उभा करू नये, कुत्रं सोडू नये. चिडलेल्या डुकराला कुत्रं परत मालकाकडेच घेऊन येतं. नराचा सुळा खालून वर लागतो, म्हणून जखमा मांडीला आणि पोटाला होतात. अशा जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि माणसाला तडक दवाखान्यात न्यायचं. हळद भरत बसू नये.

(दृश्य : वन विभागाचं कार्यालय, अर्ज लिहिणारे हात.)

आता शिकारीचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानडुकराला संरक्षण आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून ते अनुसूची दोनमध्ये येतं. फास लावणं, जाळं टाकणं, हाकारा घालणं, हे सगळं कायद्यानं शिकारच. डुक्कर मेलं नाही तरी. पण उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका असेल, तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते. त्यासाठी वनक्षेत्रपालांकडे जायचं. अर्जात गट नंबर, पीक, नुकसानीच्या तारखा आणि ठशांचे फोटो द्यावेत. भरपाईसाठीही तेच फोटो लागतात, म्हणून वावर नांगरण्याआधी ते काढावेत आणि तीन दिवसांच्या आत वन विभागाला कळवावं. कळवायला उशीर झाल्यानं अनेकांचं नुकसान कागदावर येतच नाही. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६.

परवानगी आणि बंदुकीचा परवाना दोन्ही हातात असले, तरी वस्तीजवळ गोळी कुठे मारायची यापेक्षा डुकराच्या मागे काय आहे हे आधी बघायचं. मागे माती नसेल तर बार टाकायचा नाही. म्हणून राखणीचा माळा कामाला येतो. दहा-बारा फुटांवरून खाली धरलेली नळी चुकली तरी गोळी जमिनीत जाते. सपाट वावरात उभं राहून, पलीकडे दिवे दिसत असताना मारलेला बार कुठवर जाईल याचा भरवसा नसतो. बारा बोअरच्या बंदुकीत बारीक छर्रे भरून डुकरावर मारणं ही सर्रास होणारी चूक आहे. मोठ्या नराच्या खांद्यावरची चामडी ढालीसारखी जाड असते. छर्रे त्यात अडकतात, जनावर जखमी होऊन उसात घुसतं आणि दुसऱ्या दिवशी वैरणीला गेलेल्या बाईच्या समोर येतं. एकसंध गोळीच हवी, अंतर तीस मीटरच्या आत, जनावर आडवं उभं, नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे आणि छातीच्या खालच्या भागात. वारा डुकराकडून आपल्याकडे असला पाहिजे. जखमी जनावरामागे लगेच धावू नये. अर्धा तास थांबावं, वनरक्षकाला सोबत घ्यावं. अंधारात उभ्या उसात तर शिरूच नये. मागे पिल्लं असलेली मादी मारू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता असतं. पंचनाम्याशिवाय ते हलवायचं नाही आणि मांस वाटायचं नाही.

आणि एवढं सगळं नीट केलं, तरी कमी होतं एक डुक्कर. मादीचा गाभण काळ सुमारे ११५ दिवसांचा, वेताला साधारण चार ते सहा पिल्लं. खाणं आणि लपण जागेवर असेल, तर रिकामी झालेली जागा पुन्हा भरते.

(दृश्य : काळ्या पडद्यावर फक्त आवाज.)

दोन गोष्टी शिवारातून कायमच्या गेल्या पाहिजेत. पहिली, आमिषात गुंडाळलेले गावठी बॉम्ब. ते डुकरासाठी ठेवतात आणि गाईच्या, कुत्र्याच्या तोंडात फुटतात, मुलांच्या हातात फुटतात. दुसरी, कुंपणात थेट सोडलेला घरचा करंट. रात्री मोटर चालू करायला गेलेला शेजारी, कधी घरातलाच माणूस, त्या तारेला चिकटतो. ही राखण नव्हे.

(दृश्य : सौर कुंपण. कॅमेरा तारेजवळ, जमिनीलगत.)

सौर झटका कुंपण वेगळं. यंत्र साधारण सेकंदाला एक झटका सोडतं. दाब हजारो व्होल्टचा, पण क्षणभराचाच, म्हणून तारेला चिकटायला होत नाही. यंत्र मात्र मानांकित घ्यावं, घरी जुळवलेलं नको.

हे डुकराचं नाक बघा. ओलं, उघडं, केस नाहीत. झटका इथंच लागतो. अंगावरचे राठ केस आणि वाळलेला चिखल यांच्यावर तार घासली तरी त्याला फारसं जाणवत नाही. म्हणून खालची तार जमिनीपासून एक वीत, म्हणजे वीसेक सेंटिमीटर. दुसरी पंचेचाळीसवर, तिसरी सत्तरवर. बहुतेक कुंपणं फसतात ती खालची तार फूटभर वर गेल्यानं. डुक्कर खाली नाक घालतं, तार आयाळीवर येते आणि ते आत. खांब चार-पाच मीटरवर. ओघळ, ताल, पाटाची वाट असेल तिथे जास्तीचा खांब, नाहीतर खाली फट राहते आणि पहिल्याच रात्री ती सापडते.

अर्थिंगला कंजुषी नको. किमान तीन सळ्या, प्रत्येकी दीड-दोन मीटर खोल, एकमेकींपासून तीन मीटरवर. चैत्र-वैशाखात माती कोरडी पडते आणि यंत्र चालू असूनही झटका मंद होतो. तेव्हा सळ्यांपाशी रोज घागरभर पाणी ओतावं. पावसाळ्यात उलटं होतं. गवत वाढून तारेला टेकतं आणि झटका जमिनीत उतरतो. आठवड्याला तारेखालचं गवत कापावंच लागतं. टेस्टर यंत्राजवळ लावून उपयोग नाही, तो कुंपणाच्या पार शेवटच्या टोकाला लावायचा. तिथे तीन हजार व्होल्टच्या खाली आकडा आला, की कुठेतरी गळती आहे.

पीक उगवल्यापासून कुंपण चालू ठेवायचं. शेंगा भरल्यावर, डुकरांना चव लागल्यावर लावलं, तर ती झटका सोसून आत येतात. जुन्या साड्या बांधणं, न्हाव्याकडचे केस बांधावर टाकणं, यानं काही रात्री निभावतात, मग डुकरं सरावतात. शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून एकच सलग कुंपण घातलं तर खर्च वाटला जातो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारून घ्यावं.

(दृश्य : संध्याकाळ. विळा घेतलेला हात तारेखालचं गवत कापतोय. यंत्राची टिक्... टिक्... टिक्...)