करवती छपराची शेड आणि भंगाराचा काटा

नमस्कार मंडळी. आज आधी ही काच बघा. (काच कॅमेऱ्याजवळ धरून) आत तारेची जाळी आहे. आणि या अंगाला निळसर थर दिसतोय? ती नीळ. कपड्यांना घालतो तीच, चुन्यात कालवून फासलेली. सांगलीतल्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या छपराची ही काच. भंगारवाल्याला पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, "काचेला कोण विचारतंय, न्या."

ती शेड दोन दिवसांत उतरली. लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, गॅसकटरनं कापल्या, ट्रक भरले, काट्यावर गेले. मी तिची मापं घ्यायला मोजपट्टी घेऊन पोचलो तिसऱ्या दिवशी. सहा महिने 'जाऊ की' करत बसलो होतो, दुसऱ्या कुणाला काय बोलणार?

तर नीळ कशाला? जुन्या कारखान्यांचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. दात्याची एक बाजू पत्र्याची नाहीतर कौलांची, दुसरी काचेची. काचेचं तोंड उत्तरेला, म्हणजे थेट ऊन आत येत नाही, पण उजेड दिवसभर सारखा. विजेचे दिवे महाग होते तेव्हा लेथवरच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावरच्या, माणसाला सावली न पडणारा उजेड लागायचा, म्हणून ही युक्ती. आता गंमत बघा. युक्ती विलायतेची, तिथं सूर्य कायम दक्षिणेला कललेला. सांगली कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्ट उजाडेपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो! पावसाळ्यात ढग सांभाळून घेतात, पण मे महिन्यात? काच तिरकी असेल तर ऊन थेट कामगाराच्या डोक्यावर. म्हणून आपल्याकडे काच उभी बसवायची, वर छज्जा काढायचा. आणि तेही पुरलं नाही की शिडी लावून नीळ फासायची. ही नीळ फासणारा हात कुणाचा होता, इमारतीच्या कुठल्या आराखड्यात सापडणार नाही.

या छपराचं दुखणंही सांगतो. दोन दात्यांच्या मधे पन्हळ असते. पालापाचोळा अडकला की पाणी तुंबतं, कैचीच्या बुडाशी मुरतं, तिथून गंज. कारखाना चालू असतो तोवर मेच्या शेवटी कुणीतरी वर चढून पन्हळ साफ करतं. बंद पडला की पहिला तो माणूस जातो. शेड तिथूनच मरायला लागते, जेसीबी फार उशिरा येतो.

आता अशा जुन्या कारखान्यांचा नकाशा. पुणे ते सांगली रेल्वेनं या. सातारा रोड, म्हणजे पाडळी: धनजीशा कूपर यांचा इंजिनिअरिंग कारखाना. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले होते, तेव्हा मुख्यमंत्र्यांना तसंच म्हणत. पुढं कराड स्टेशन. ते गावात नाहीच, आहे ओगलेवाडीत, जिथं ओगल्यांच्या काच कारखान्यातून प्रभाकर कंदील घरोघर गेला. मग किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या निवडुंगाच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभारला, तिथं आजही पंप बनतात. एकाच रुळावर तीन गावं कारखान्यांनी वाढवली. आपण मात्र या रस्त्यानं जाताना खिडकीतून अजिंक्यतारा तेवढा दाखवतो पोरांना.

कायदा काय म्हणतो? केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन वास्तू ठरायला किमान १०० वर्षं हवीत. मग साठ-सत्तरच्या दशकातल्या काँक्रीटच्या शेडचं काय? दिल्लीचा हॉल ऑफ नेशन्स आठवा, प्रगती मैदानावरचं काँक्रीटचं प्रदर्शन दालन. वास्तुविशारद राज रेवाल, संरचना महेंद्र राज यांची, १९७२ चं काम. प्रकरण वारसा समितीकडं गेलं, तिथं ६० वर्षांचा निकष आडवा आला, आणि एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडला. लंडनलाही हेच झालं होतं. फायरस्टोनचा १९२८ चा टायर कारखाना ऑगस्ट १९८० मध्ये सुट्टीचा शनिवार-रविवार गाठून फोडला. तिथं लोक चिडले, आणि त्यानंतर विसाव्या शतकातल्या इमारती वारसा यादीत घ्यायचा जोर वाढला. त्याच धाटणीचा हूवर कारखाना वाचला, १९९२ पासून त्याच्या आवारात सुपरमार्केट भरतं.

आपल्याकडचा पुनर्वापर म्हणजे मंगल कार्यालय! हसू नका, मला ते मान्य आहे. मधे खांब नाहीत, उंची भरपूर, फरशी ट्रकचं वजन पेलणारी. पंगतीला आणखी काय पाहिजे? फक्त वर पीओपीचं छत मारून काचा झाकू नका, आणि मग दुपारी बारालाही झुंबरं पेटवू नका.

सगळंच ठेवा असंही मी म्हणत नाही. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते फोडलं की तंतू छातीत जातात. ते भिजवून, अखंड, जाणकाराकडूनच उतरवावं. पण कैच्या, काचा, क्रेनचा गर्डर यांची मापं तरी आधी घ्या. मोबाईल, टेप आणि एक रविवार पुरतो.

पुढचा भाग ओगलेवाडीचा. कुणाच्या माळ्यावर प्रभाकर असेल तर खाली काढा, धूळ पुसा आणि टाकीवर, काचेवर कुठली अक्षरं आहेत त्याचा फोटो पाठवा. मी या रविवारी टेप घेऊन निघतोय. या वेळी पहिल्याच दिवशी.