पडलेल्या पोराला लगेच उचलू नका

(अंबाजोगाईतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पुढच्या तीन रांगांत भरतीची तयारी करणारी पोरं बसलीत. म्हणून लिहून आणलेलं निम्मं भाषण बाजूला ठेवतो. आपल्याकडं कबड्डी आणि क्रिकेट चालतं, फुटबॉल कमीच. तरी आज एका फुटबॉलपटूबद्दल बोलणार आहे.

12 जून 2021. कोपनहेगनचं पार्केन स्टेडियम, युरोपातल्या देशांची युरो स्पर्धा, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. पहिला हाफ संपत आलेला. थ्रो-इनचा बॉल घ्यायला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन पुढं आला, अडखळला आणि कोसळला. कुणाचा धक्का नाही, कुणी पाय घातलेला नाही. वय 29. रेफरी अँथनी टेलरनं लगेच खेळ थांबवला, डॉक्टरांना आत बोलावलं. कॅप्टन सिमॉन केअर धावत आला, पडलेल्याकडं बघितलं आणि मग सगळ्या खेळाडूंचं कडं केलं. तोंडं बाहेर, पाठी आत. कॅमेऱ्याला काही दिसू नये, डॉक्टरांना जागा मिळावी. एकेक जण रडत होता, पण जागा कुणी सोडली नाही.

संघाचे डॉक्टर मॉर्टन बोसेन पोचले तेव्हा श्वास होता, नाडी लागत होती. बघता बघता ती गेली. छातीवर दाब देणं सुरू झालं, यंत्र आलं, एक शॉक दिला आणि हृदय परत सुरू झालं. शुद्धीवर आल्यावर तो पुटपुटला, मी अजून एकोणतीसचाच आहे. मॅच त्याच संध्याकाळी पुढं खेळवली, फिनलंड 1-0 नं जिंकलं. ती खेळवायला नको होती, असं माझं मत. असो.

आता यात झालं काय? लोक सरसकट 'अटॅक आला' म्हणतात. तुम्ही शेतकऱ्याची पोरं, बोअरच्या मोटारीवर सांगतो. पाइपात गाळ अडकून पाणी थांबलं, तो हार्ट अटॅक. आणि विजेची एक फेज गेली की मोटार जागच्या जागी घुंघूं करते, पाणी थेंबभर फेकत नाही, तो कार्डिअॅक अरेस्ट. हृदय नुसतं थरथरतं. शॉक म्हणजे ती थरथर तोडून पुन्हा स्टार्टर दाबणं. पण शॉक येईपर्यंत मेंदूला रक्त कोण देणार? ते काम छाती दाबणाऱ्या हातांचं. हात लागले नाहीत तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. मग 108 ची गाडी दहा मिनिटांत आली, तरी तिच्या हाती फारसं उरत नाही.

आणि आपण काय करतो? कांदा हुंगवतो, चप्पल हुंगवतो, तोंडावर तांब्याभर पाणी मारतो. दातखीळ बसली म्हणून दातांत चमचा घालतो. चार जण हातपाय धरून जीपमध्ये टाकतात आणि जीप सुटते तालुक्याला, मांडीवर डोकं घेतलेल्या माणसाला छाती दाबता येत नाही. आचके देतोय म्हणजे श्वास चालूय, असंही लोक सांगतात. ते आचके श्वास नव्हेत. हाक मारून, खांदा हलवून जागा होत नाही, श्वास नीट नाही, तर तिथंच सुरू करा, जमिनीवर.

हे दुसऱ्या बाजूनंही बघा. 5 डिसेंबर 2004, बंगळुरू, आपल्या देशातल्या क्लबांच्या फेडरेशन कपची फायनल, डेम्पो विरुद्ध मोहन बागान. ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर डेम्पोकडून दुसरा गोल मारतो, गोलकीपरशी टक्कर होते, कोसळतो. तो वाचला नाही. मोठी स्पर्धा होती, टीव्ही होता, पण नुसतं त्यानं जीव वाचत नाही. उलट, 2012 साली लंडनच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर फुटबॉलपटू फॅब्रिस मुआम्बा पडला, तेव्हा मॅच बघायला आलेला एक हृदयरोगतज्ज्ञ स्टँडमधून उतरून मैदानात गेला. मुआम्बाचं हृदय 78 मिनिटं बंद होतं, आणि तरी तो जगला. पुन्हा खेळला मात्र नाही. 24 व्या वर्षी निवृत्त झाला.

एरिक्सन खेळला, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिला. सहा दिवसांनी दवाखान्यातून बाहेर पडला तो छातीत आयसीडी घेऊन. गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेलं काडेपेटीएवढं यंत्र, त्याची वायर हृदयात. ठोका बिघडला की स्वतःच शॉक देतं. आपल्या मोटारीला वीज येताच आपोआप चालू करणारा 'ऑटो' बसवतात ना, तसंच. पण इटलीचा नियम असं यंत्र घेऊन खेळू देत नाही. तिथल्या इंटर मिलान क्लबशी त्याचा करार डिसेंबर 2021 मध्ये संपला. मला त्या नियमाचा राग येत नाही. इटलीत खेळाडूंची तपासणी इतकी कडक आहे की कितीतरी पोरं आधीच पकडली जातात. तरी पोटावर पाय तो पायच. तो नेदरलँड्समधल्या आयाक्स क्लबच्या राखीव संघासोबत धावत राहिला, मग इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबनं घेतलं. 26 फेब्रुवारी 2022 ला, कोसळल्यापासून 259 दिवसांनी, तो मैदानात उतरला. महिनाभरात देशाकडून नेदरलँड्सविरुद्ध बदली म्हणून आला आणि दुसऱ्याच मिनिटाला गोल. तीन दिवसांनी त्याच पार्केनवर, सर्बियाविरुद्ध, आणखी एक.

पोरांनो, हे ऐकून छाती फुगवू नका. त्याच्यामागं हृदयरोगतज्ज्ञांचा ताफा होता. तुम्ही पहाटे रस्त्याच्या कडेनं उपाशीपोटी सोळाशे मीटर काढता. धावताना कधी डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडलात? छातीत दुखलं? घरात कुणी तरुणपणी बसल्या जागी गेलं? आई म्हणते, ऊन लागलं, नजर लागली. आईचं ऐका, मीठ-मोहऱ्या उतरवून घ्या, पण दुसऱ्या दिवशी हृदयाच्या तपासण्या, ईसीजी आणि इको, काढा. वैद्यकीय महाविद्यालय तर आपल्या गावातच आहे.

आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना एक विनंती. चषकाचं पहिलं बक्षीस लाखाच्या घरात असतं. शॉकचं यंत्रही साधारण तेवढ्यालाच येतं. एक वर्ष बक्षीस निम्मं करा. जिंकणारा संघ कुरकुर करेल, करू द्या.

आता तो स्टेजवरचा लोड खाली द्या. हां, इथं सतरंजीवर. तू ये गं, कबड्डी खेळतेस ना? गुडघ्यावर बस. तळहाताचं मूळ छातीच्या मधोमध, दुसरा हात वर, कोपर ताठ. नुसते हात नकोत, अंगाचं वजन येऊ दे. दोन इंच खाली, आणि पूर्ण वर येऊ दे. सेकंदाला जवळपास दोन. मोठ्यानं मोज. बघा, अर्ध्या मिनिटात दम लागला. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि एकानं 108 ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा. ही थांबली, आता मागचा तू ये. बाकीच्यांनी रांग लावा, चहा नंतर.