अभ्यासक्रमाचा आदेश आणि काँग्रेसचा कायदा

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २९ जानेवारी २०२५ रोजी शालेय शिक्षणाविषयी एक कार्यकारी आदेश काढला. वंश आणि लिंगभाव यांविषयीची ठरावीक मांडणी शिकवणाऱ्या शाळांचा संघराज्य निधी कसा रोखता येईल, याची योजना ९० दिवसांत सादर करण्यास त्यात संबंधित खात्यांना सांगितले होते आणि ‘देशभक्तिपर शिक्षणा’साठी ‘१७७६ आयोगा’चे (अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या वर्षावरून हे नाव) पुनरुज्जीवनही केले होते. हा आयोग नोव्हेंबर २०२० मध्ये आदेशानेच जन्माला आला, १८ जानेवारी २०२१ रोजी त्याचा अहवाल निघाला आणि दोनच दिवसांनी, शपथविधीच्याच दिवशी, जो बायडेन यांनी तो आदेशानेच मोडीत काढला. पहिलीपासून हिंदी शिकवण्याविषयीचे शासन निर्णय जून २०२५च्या अखेरीस मागे घेतले गेलेले पाहिलेल्या महाराष्ट्राला ही अस्थिरता समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा आदेशांचे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यात रूपांतर करावे, हा समर्थकांचा आग्रह त्यामुळे समजण्यासारखा आहे. अडचण अशी की, काँग्रेसनेच पूर्वी केलेले कायदे या वाटेत उभे आहेत. संघराज्य सरकारच्या कोणत्याही अधिकाऱ्याने शाळेचा अभ्यासक्रम, अध्यापन, प्रशासन, कर्मचारी, इतकेच नव्हे तर ग्रंथालयातील साहित्य आणि पाठ्यपुस्तकांची निवड यांवरही नियंत्रण ठेवू नये, असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. १९७९ साली स्वतंत्र शिक्षण खाते स्थापन करतानाही हीच मनाई पुन्हा घालण्यात आली. तेव्हा नवा कायदा करायचा, तर आधी ही मनाई सैल करावी लागेल आणि शिक्षण राज्यांकडेच असावे असे वर्षानुवर्षे सांगत आलेल्या रिपब्लिकन पक्षालाच ते करावे लागेल. याच राष्ट्राध्यक्षांनी २० मार्च २०२५ रोजी शिक्षण खाते गुंडाळण्याच्या दिशेने आदेश काढला, तोही अधिकार राज्यांना परत देण्याच्या नावाखाली. ही विसंगती मला मोठी वाटते.

उरतो तो पैशाचा मार्ग. शाळांच्या एकूण खर्चात संघराज्य सरकारचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असला, तरी गरीब वस्त्यांतील शाळांना तो सोडणे परवडत नाही. निधीला अटी घालता येतात. मद्यपानाचे किमान वय २१ न करणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीत कपात करण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली वैध ठरवली होती. मात्र अट निःसंदिग्ध असावी लागते. वयाचा आकडा निःसंदिग्ध असतो. गुलामगिरीच्या इतिहासाचा तास कुठे संपतो आणि ‘मतारोपण’, म्हणजे एकच मत विद्यार्थ्यांच्या गळी उतरवणे, कुठे सुरू होते, हे कलमाच्या भाषेत बसवणे फार अवघड आहे.

त्यातही काँग्रेसच्या १०० सदस्यांच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, अशा विधेयकावरील चर्चा संपवून ते मतदानाला आणण्यासाठी ६० मते लागतात, आणि ती विरोधी डेमोक्रॅट सदस्यांच्या मदतीशिवाय आज जमत नाहीत.