लोगोवर अडकलेले फोन

(दृश्य : मालवणची बाजारपेठ, सकाळ. अर्धं वर केलेलं शटर, आत टेबललॅम्पचा उजेड.)

ऑगस्टचा पहिला आठवडा. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिकी मासेमारी बंद होती. आता होड्या परत पाण्यात गेल्यात, आणि त्यांच्याबरोबर खिशातले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फोनही.

त्यातले काही आज या फोन दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर आहेत. एकाचीही काच फुटलेली नाही. चार्जरला लावले की बॅटरीचं चिन्ह येतं. पण चालू केले की कुठेतरी वाटेतच थांबतात.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं मागणं एकच असतं : "सॉफ्टवेअर मारून दी रे झिला." म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर नव्याने चढवून दे.

आणि दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं : "मारूक येळ नाय लागणा. पण आधी बघूया तो अडकलो कित्याक."

(दृश्य : फोनचा पडदा, अगदी जवळून. कंपनीचं नाव झळकतं, विझतं.)

पॉवरचं बटण दाबल्यापासून घड्याळ-तारखेचा पडदा येईपर्यंत आत बऱ्याच हालचाली होतात. सगळ्यात आधी जागा होतो तो प्रोसेसरच्या पोटातला अगदी छोटा प्रोग्राम, बूट रॉम. तो कारखान्यातच सिलिकॉनमध्ये कोरलेला असतो. बदलता येत नाही, पुसता येत नाही. तो मेमरीतल्या बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू करून देणाऱ्या पुढच्या प्रोग्रामला उठवतो, पण त्याआधी त्याच्यावरची डिजिटल सही, म्हणजे तो कंपनीचाच असल्याची खूण, तपासतो. बूटलोडर तशीच कर्नलची, म्हणजे अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या प्रोग्रामची सही तपासतो, आणि कर्नल मग अँड्रॉइड उभं करतो. एक सही चुकली, एक फाइल अर्धवट लिहिली गेली, की गाडी तिथेच थांबते.

कुठे थांबली, हे ओळखायची एक खूण नुसत्या डोळ्यांना दिसते. कंपनीचं नाव स्थिर असेल, तर ते चित्र बूटलोडरने काढलेलं असतं. अँड्रॉइड अजून सुरूच झालेलं नसतं. तेच नाव हलायला, चमकायला, गोल फिरायला लागलं, तर कर्नल पार पडला आणि घोटाळा त्याच्या पुढे आहे. दुकानदार ग्राहकाचं बोलणं ऐकत असतो, पण नजर त्या लोगोवर असते.

मालवणातल्याच दांडी किनाऱ्यावरून आलेल्या या काकांची तक्रार जरा वेगळी आहे. "चालू केलंय काय ससो येता. खाली इंग्रजीत कायतरी लिवलला."

हा ससा म्हणजे फास्टबूट. एका कंपनीच्या जुन्या फोनांवर फास्टबूट सुरू झाला की अँड्रॉइडच्या यंत्रमानवाची दुरुस्ती करणारा ससा दिसतो. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबलं की फोन मुद्दाम या अवस्थेत जातो, म्हणजे संगणकाला जोडून त्याच्यावर काम करता यावं. पण काकांनी काही दाबलेलं नाही. दुसऱ्या कुठल्याही दुकानात या फोनवर आत्तापर्यंत सॉफ्टवेअर मारून झालं असतं, दोनशे-तीनशे रुपयेही घेतले गेले असते, आणि ससा परत आला असता.

(दृश्य : मागचं झाकण उघडलेलं. चिमट्याच्या टोकाशी बटणांची पातळ पट्टी.)

हे पाहा. बटणाच्या सोनेरी संपर्कावर हिरवट-पांढरा थर. खारी हवा, ओले हात, होडीवर उडणारं पाणी. या थरातून वीज वाहते, आणि फोनला वाटतं की आवाजाचं बटण कुणीतरी दाबूनच धरलंय. सॉफ्टवेअर आपलं काम बिनचूक करतंय, मीठ त्याला खोटं सांगतंय. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), जुना टूथब्रश, थोडी गरम हवा. पट्टी खराब झाली असेल तर नवी. ससा गेला. आतल्या एकाही फाइलला हात लावावा लागला नाही.

याच्या शेजारचा फोन तर फक्त पोट भरल्यामुळे अडकलाय. स्टोरेज शेवटच्या थेंबापर्यंत भरलं की अँड्रॉइडला उठताना लागणाऱ्या तात्पुरत्या फाइली लिहायला जागाच उरत नाही. त्याला इतकं कोण भरतं, हे कुठल्याही फॅमिली ग्रुपमध्ये सकाळी सात वाजता डोकावलं की कळेल.

(दृश्य : एक बाई टेबलासमोर स्टुलावर. हातात फोनचा रिकामा खोका.)

या तारकर्लीच्या. घरातच न्याहारी-निवास चालवतात. रात्री अपडेट आलं, त्यांनी होय म्हटलं, मध्येच वीज गेली. फोनची बॅटरीही संपायला आली होती. सकाळपासून स्थिर लोगो.

"फोटो गेले तरी चलतीत," त्या म्हणतात. "बुकिंगां सगळी तेतूर आसत. ती जाऊक नको."

गणपतीनंतरची, दिवाळीतली बुकिंगं, कुणाचे आगाऊ पैसे आले, कुणाला समुद्राकडची खोली हवी, सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांमध्ये. बॅकअप कधीच चालू केलेला नाही. मुंबईच्या भाच्याने फोनवरून सल्ला दिला होता : रिकव्हरीत जा आणि फॅक्टरी रीसेट मार, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा कर. त्यांनी ऐकलं नाही, हे फार बरं झालं.

कारण आता मेमरीची चिप काढून तिच्यातलं वाचण्याचे दिवस गेले. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांमध्ये माहिती कूटबद्ध करूनच साठवावी लागते. तिची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमधल्या सुरक्षित भागाशी आणि मालकाच्या पिनशी बांधलेली असते. चिप काढून दुसरीकडे लावली तर हाती लागतो तो नुसता कचरा. बुकिंगं हवी असतील, तर हाच फोन, याच बोर्डावर, उठायला हवा. आणि एकदा रीसेट मारलं की किल्लीच जाते.

म्हणून आता घाई नाही. आधी मॉडेल नंबर. पाठीवरचा नाही, खोक्यावरचा. बाजारात एकाच नावाचे दोन फोन आतून वेगळे असू शकतात. भारतात विकलेला वेगळा, बाहेरचा वेगळा. मग आवृत्ती. जुनी आवृत्ती मारायची नाही : अनेक फोन मागे जाऊच देत नाहीत, आणि गेले तरी नव्या आवृत्तीने बांधलेली किल्ली जुनीला चालत नाही. जी आवृत्ती अर्धवट उतरली, तीच पूर्ण हवी.

ती फाइल काही जीबींची असते. पावसात इथलं नेट कसं चालतं, ते सांगायला नको. दुकानदार रात्री दोननंतर डाउनलोड लावतो. कपाटात हार्ड डिस्का आहेत, त्यांच्यावर मार्करने कंपन्यांची नावं.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. डिव्हाइस मॅनेजरची यादी.)

या फोनचा प्रोसेसर मीडियाटेक कंपनीचा. दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून केबल लावली की काळ्या पडद्याआड बूट रॉम जागा होतो. लॅपटॉप टुंग करतो, यादीत एक नवा पोर्ट उमटतो, आणि दोन-तीन सेकंदांत नाहीसा होतो. तेवढ्या वेळात फ्लॅश टूलने, म्हणजे सॉफ्टवेअर चढवणाऱ्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रामने, त्याला पकडायला हवं. पहिल्यांदा निसटतो. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा केबल बदलली जाते. दुरुस्तीच्या धंद्यात निम्मे दोष केबलचेच निघतात.

टूलमध्ये वर एक छोटी यादी आहे. 'फॉरमॅट ऑल' आणि 'डाउनलोड ओन्ली'. इथे एक चुकीची निवड झाली तर बुकिंगं तर जातातच, शिवाय त्या बोर्डाची खास माहिती, नेटवर्क पकडणाऱ्या रेडिओचं कॅलिब्रेशन, फोनची ओळख असलेला आयएमईआय नंबर, तेही पुसले जातात. मग फोन उठतो, पण नेटवर्क येत नाही. सॅमसंगच्या फोनांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो : ओडिन या त्यांच्या फ्लॅश टूलमध्ये सीएससी नावाची फाइल घातली तर सगळं साफ, होम सीएससी घातली तर माहिती राहते.

दुकानदार 'डाउनलोड ओन्ली' निवडतो. खालच्या यादीत 'युजरडेटा'समोरची, म्हणजे मालकाच्या माहितीसमोरची खूण काढून टाकतो. परत एकदा पाहतो. मग लॅपटॉपचा चार्जर काढतो, कारण आता वीज गेली काय, आली काय, बॅटरीवर काम चालू राहील.

लाल पट्टी. मग पिवळी, सावकाश सरकणारी.

ती मध्येच तुटली तर? बहुतेक वेळा परत सुरुवातीपासून. बूटलोडर अर्धा लिहिला गेला तरी बूट रॉम शाबूत असतो, आणि तोच पुन्हा दार उघडतो. क्वालकॉम या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असलेल्या फोनांतही तसंच. तिथे कधीकधी बोर्डवरचे दोन बारीक ठिपके चिमट्याने जोडावे लागतात, मग यादीत ९००८ नावाचा पोर्ट दिसतो. पार मेला म्हणून आणलेल्या फोनाचा हा पोर्ट दिसला की दुकानदाराचा चेहरा खुलतो.

हिरवी खूण. केबल काढली. स्थिर लोगो, मग हलणारा लोगो. तो बराच वेळ हलतो. बाई खोका दोन्ही हातांत धरून बसल्यात. पिन विचारला गेला, त्यांनी टाकला. बुकिंगं जिथल्या तिथे आहेत. फोन लगेच मात्र हातात मिळत नाही. आधी दुकानाच्या वायफायवर बॅकअप.

(दृश्य : भिंतीवर हाताने लिहिलेला कागद : "बिल दाखवा, तरच लॉक.")

लॉक तोडून द्या म्हणणारेही येतात. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून रीसेट केलेला फोन जुनं गुगल खातं मागतो. मुलाने मुंबईहून पाठवलेला फोन आईला उघडता येत नाही, ही खरी अडचण आहे. पण चोरीचा फोनही इथेच येतो. म्हणून आधी स्टार-हॅश-०६-हॅश. पंधरा आकडे खोक्यावरच्या आकड्यांशी जुळतात का ते पाहायचं, आणि १४४२२ ला केवायएम लिहून तो नंबर पाठवायचा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात कळतं. आयएमईआय बदलून मागणाऱ्याला इथे दार दाखवतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

एक गोष्ट मात्र कायद्याने सुटलेली नाही. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण नव्या फोनांचा बूट रॉम आता कंपनीची सही असलेली परवानगी मागतो, आणि ती कंपनीच्या अधिकृत खात्यालाच मिळते. चोराला अडवायला हे कुलूप हवंच. पण तेच कुलूप प्रामाणिक दुरुस्तीवाल्यालाही अडवतं, आणि दोष कंपनीच्याच अपडेटचा असला तरी कणकवली नाहीतर कोल्हापूर गाठायचं ते ग्राहकाने. बिल आणि ओळखपत्र तपासून गावातल्या दुरुस्तीवाल्याला ती परवानगी का मिळू नये, याचं पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही.

टेबलावर उरलेला शेवटचा फोन त्यातलाच आहे. पोर्ट दिसतो, फाइल आहे, मॉडेल जुळतं, टूल परवानगी मागतं आणि थांबतं. दुकानदाराने त्याला रबर लावून चिठ्ठी अडकवलीय : "ऑथ लागता. कंपनीच्या सेंटरात न्हेवा. रीसेट मारूक देव नको. पैशे घेतलंय नाय."