दिआथेके : मृत्युपत्र की करार?

इजिप्तच्या फायूम भागात, गुरोब येथे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८९-९० मध्ये उत्खनन केले, तेव्हा तेथील ममींची आवरणे रद्दी पपायरसाचे (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे) थर एकमेकांवर चिकटवून बनवलेली आढळली. ते थर सोडवल्यावर इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील ग्रीक मृत्युपत्रे हाती लागली.

आता ही अक्षरे जवळून पाहा. आपण धडधाकट राहून आपल्या मालमत्तेचे धनी असावे, पण माणसाचे जे व्हायचे ते झालेच तर मागे कोणाला काय ठेवले, हे येथे लिहिले आहे. करणाऱ्याचे वय, त्याची उंची, मधासारखा वर्ण, कपाळावरचा व्रणसुद्धा नोंदवलेला असतो आणि साक्षीदारांचीही अशीच वर्णने येतात. अशा दस्तऐवजाला ग्रीक भाषेत 'दिआथेके' म्हणत.

'तिथेमी' म्हणजे ठेवणे. त्याला 'दिआ' जोडले की नीट मांडून ठेवणे, व्यवस्था लावणे असा अर्थ होतो. ही व्यवस्था लावणारा एकटाच असतो. दोघांनी मिळून केलेल्या कराराला 'सिन्थेके' हा वेगळा शब्द होता, त्यातला 'सिन' म्हणजे सोबत. अ‍ॅरिस्टोफनीसच्या 'पक्षी' या नाटकात 'दिआथेके' तहासाठी आला आहे खरा, पण तेथेही अट एकच बाजू घालते.

त्याच तिसऱ्या शतकात हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणणाऱ्या अलेक्झांड्रियातील यहुदी भाषांतरकारांसमोर हिब्रू 'बेरीथ' हा शब्द आला. नोहाला दिलेले वचन, अब्राहामाशी बांधलेले नाते, सीनाय पर्वतावरचे नियमशास्त्र, हे सारे त्यात येते. 'सिन्थेके' हाताशी असूनही त्यांनी जवळजवळ सर्वत्र 'दिआथेके'च योजला. देव आणि माणूस समोरासमोर बसून घासाघीस करत नाहीत, हे त्यांना सांगायचे असावे असे आम्हाला वाटते. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अक्विला या भाषांतरकाराने मात्र आपल्या ग्रीक भाषांतरात 'सिन्थेके' पसंत केला.

लॅटिनमध्ये 'दिआथेके'चे 'टेस्टामेंटुम', म्हणजे मृत्युपत्र, झाले आणि बायबलच्या दोन्ही भागांना तेच नाव मिळाले.

मराठीने 'जुना करार' आणि 'नवा करार' म्हटले. करार हा दोन पक्षांचा, अरबी-फारसीतून आलेला, कचेरीत रुळलेला शब्द. पण नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात, करणारा मेल्याशिवाय जे लागू होत नाही त्याचा उल्लेख येतो. मूळ ग्रीक शब्द तेथेही 'दिआथेके'च आहे, आणि त्या दोन ओळींपुरते मराठी भाषांतरकाराला 'करार' बाजूला ठेवून 'मृत्युपत्र' लिहावे लागते.